सरकारी निविदा कशी वाचावी: अटींमधली मेख, दरांतला खेळ आणि हरकतीची वेळ

एखादी निविदा ठरावीक पुरवठादारालाच मिळावी असं कार्यालयात कोणी मनावर घेतलं, तर त्यासाठी लिफाफे फोडावे लागत नाहीत. पात्रतेच्या अटींत दोन ओळी आणि तांत्रिक तपशिलात एखादं दशांश चिन्ह पुरतं. पुढची सगळी प्रक्रिया नियमाला धरून होते: ऑनलाइन सूचना, दोन लिफाफे (एक तांत्रिक कागदांचा, एक दरांचा), तुलनात्मक तक्ता, न्यूनतम दर, सगळ्यांच्या सह्या. म्हणून निविदा तपासायची तर ती शेवटून, म्हणजे दरांपासून नव्हे, तर सुरुवातीच्या अटींपासून तपासावी लागते. नव्याने निविदा भरू पाहणारा लहान पुरवठादार किंवा कंत्राटदार आणि आपल्या पालिकेची निविदा वाचू पाहणारा नागरिक, दोघांनाही वाचन सारखंच करायचं आहे. फरक फक्त पुढे काय करायचं यात आहे.

आधी नियम कोणता ते ठरवा

केंद्र सरकारची खाती, त्यांची स्वायत्त मंडळं आणि संस्था यांना सामान्य वित्तीय नियम २०१७, म्हणजे बोलीभाषेतला जीएफआर, लागू होतो. त्यासोबत वित्त मंत्रालयाच्या खर्च विभागाच्या मार्गदर्शिका असतात. महाराष्ट्र शासनाच्या खात्यांना कार्यालयीन खरेदीसाठी उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने आलेली नियमपुस्तिका लागू आहे. बांधकामाला सार्वजनिक बांधकाम विभागाची स्वतःची पद्धत आणि बी-१, बी-२ हे नमुने आहेत. महापालिका, जिल्हा परिषदा यांचे कायदे वेगळे. निविदेत 'शासन नियमानुसार' असं मोघम लिहिलेलं असेल, तर पहिला प्रश्न तिथेच विचारायचा: कोणत्या नियमानुसार?

इथेच या व्यवस्थेची मोठी उणीव आहे. जीएफआर हा संसदेने केलेला कायदा नाही, त्या सरकारने स्वतःला घालून घेतलेल्या सूचना आहेत. सार्वजनिक खरेदीचं विधेयक २०१२ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच बारगळलं. तामिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये आपापले कायदे केले, त्यांत निविदाकाराला अपिलाची वाट ठेवली. महाराष्ट्रात असा स्वतंत्र कायदा नाही. अट अन्यायकारक वाटली तर दाद मागायची ती ज्याने अट लिहिली त्याच्याकडे, नाहीतर थेट उच्च न्यायालयात. मधली पायरीच नाही. म्हणून पुढे सांगितलेल्या तारखा पाळणं फार महत्त्वाचं ठरतं.

पहिल्या दिवशी करायची कामं

निविदा दिसली की सूचना, निविदा संच, दरपत्रकाची फाइल आणि त्या क्षणापर्यंतची सगळी शुद्धिपत्रकं उतरवून घ्या. पोर्टलच्या पानाचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा. मग एका कागदावर सहा तारखा लिहा: प्रसिद्धी, शंका पाठवण्याची शेवटची वेळ, निविदापूर्व बैठक, निविदा भरण्याची शेवटची वेळ, तांत्रिक लिफाफा उघडणे, दराची वैधता संपणे.

या तारखाच पुष्कळ सांगून जातात. जीएफआरच्या नियम १६१ प्रमाणे जाहिरातीच्या निविदेला साधारणपणे किमान तीन आठवडे द्यायला हवेत. परदेशी निविदाकार अपेक्षित असतील तर चार. 'लघु मुदतीची निविदा' काढता येते, पण तातडीचं कारण नस्तीत, म्हणजे कार्यालयाच्या फाइलीत, नोंदलेलं असावं लागतं. सणाच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी प्रसिद्ध झालेली सात दिवसांची निविदा, त्यात निविदापूर्व बैठक दुसऱ्याच दिवशी, आणि सोबत नमुना सादर करण्याची अट, असं दिसलं की समजावं, ज्याला भरायची आहे त्याची तयारी आधीच झालेली असू शकते. काम वर्षभर अडकलेलं आणि निविदा मात्र सात दिवसांची, ही विसंगती हरकतीत तारखांसह लिहावी.

पात्रतेच्या अटी: तीन रकान्यांचा तक्ता

कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात अट, दुसऱ्यात तिच्यासाठी मागितलेला पुरावा, तिसऱ्यात ती अट पूर्ण करू शकणाऱ्या, तुम्हाला माहीत असलेल्या पुरवठादारांची संख्या. प्रत्येक ओळीनंतर तिसरा आकडा किती घसरतो ते पाहा. एखाद्या ओळीवर तो बारावरून एकदम एकावर आला, तर मेख त्या ओळीत आहे.

अनुभवाची अट किती कडक असावी याला चांगलं मोजमाप केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००२ च्या सूचनेत मिळतं. गेल्या सात वर्षांत अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक समान काम. गेल्या तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल अंदाजित रकमेच्या ३० टक्के. म्हणजे एक कोटीच्या कामाला ४० लाखांची तीन कामं किंवा ८० लाखांचं एक काम, आणि उलाढाल ३० लाख. राज्याच्या किंवा पालिकेच्या निविदेला ही सूचना थेट बांधील नसली तरी हरकतीत पट्टी म्हणून लावता येते. त्याच कामाला कोणी एक कोटीचं एकच काम आणि तीन कोटींची उलाढाल मागत असेल, तर कारण विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

नेहमी आढळणाऱ्या आणि दिसायला निरुपद्रवी अशा काही अटी:

– उत्पादकाचं याच निविदेसाठीचं अधिकारपत्र. हेतू बरा आहे, बनावट माल येऊ नये. परिणाम असा की कोण भरणार हे उत्पादक ठरवतो. त्याने एकालाच पत्र दिलं किंवा आपल्याच तीन विक्रेत्यांना दिलं, तर स्पर्धा कागदावरच राहते. पर्याय म्हणून अधिकृत विक्रेत्याचं सर्वसाधारण प्रमाणपत्र आणि उत्पादकाची हमी मागता येते.

– स्थळ पाहणीचं प्रमाणपत्र. कनिष्ठ अभियंत्याच्या सहीशिवाय निविदा अपात्र. या एका अटीने कोण कोण भरणार आहे हे शेवटच्या तारखेआधी कार्यालयात कळतं, आणि कार्यालयात कळलेलं बाहेर जायला वेळ लागत नाही. सही देणारा साहेब दौऱ्यावर असतो हा भाग वेगळाच. निविदाकाराने 'जागा पाहिली आहे' असं स्वयंघोषणापत्र दिलं तरी काम भागतं.

– यंत्रसामग्री अमुक किलोमीटरच्या आत, आणि तीही निविदा भरतानाच. डांबर मिश्रणाचा प्लांट दूर असेल तर मिश्रण थंड होतं, हे कारण खरं आहे. पण प्लांट काम सुरू करताना हवा, निविदा भरताना नव्हे. भाडेकराराला मनाई असेल तर संशय आणखी वाढतो.

– 'याच कार्यालयात' किंवा 'याच जिल्ह्यात' काम केल्याचा दाखला. याला तांत्रिक कारण सहसा नसतं.

सूक्ष्म व लघु उद्योगांना केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणाने बयाणा रकमेतून, म्हणजे निविदेसोबत भरायच्या अनामतीतून, सूट दिली आहे. केंद्रीय खात्यांनी वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के त्यांच्याकडून करायची आहे. त्यांचा दर न्यूनतम दराच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर न्यूनतम दराला पुरवठ्यातला काही हिस्सा त्यांना देऊ करायचा असतो. निविदेत ही सूट 'लागू नाही' असं छापलं असेल तर ते कोणत्या आधारावर, हे लेखी मागा. धोरण वस्तू आणि सेवांसाठी आहे. फक्त विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला त्याचा लाभ मिळतोच असं धरून चालू नका.

तांत्रिक तपशील: दशांश चिन्हाचा खेळ

जीएफआरचा नियम १४४ सांगतो की तपशिलात गरजेपेक्षा जास्त, अनावश्यक वैशिष्ट्यं घालू नयेत. प्रत्यक्षात माहितीपत्रकातला मजकूर जसाच्या तसा निविदेत उतरतो. समजा शाळेसाठी बाकं घ्यायची आहेत. 'चौकोनी नळी किमान २५ मिमी, जाडी किमान १.६ मिमी, दोन मुलांचं वजन पेलेल अशी' हा वापराचा तपशील झाला. 'नळी २५.४ मिमी, जाडी १.६३ मिमी, एकूण वजन १८.४ किलो, रंग समुद्री निळा' हा एका कारखान्याचा पत्ता झाला.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. मापाआधी 'किमान' किंवा 'कमाल' हे शब्द नसणं. कमी-अधिक किती चालेल ते न लिहिणं. वजन, रंग, बटणांची संख्या अशा, कामाशी संबंध नसलेल्या गोष्टी नेमक्या असणं. भारतीय मानक उपलब्ध असताना ते न लिहिता मापं लिहिणं. नाव लिहून पुढे 'किंवा समतुल्य' म्हणणं, पण समतुल्य कशाला मानायचं आणि ते ठरवणार कोण हे न सांगणं. अशा वेळी निविदेतली तीन वेगळी मापं घेऊन बाजारातल्या चार उत्पादकांच्या माहितीपत्रकांशी ताडून पाहा. तिन्ही एकाच उत्पादकाशी जुळली, तर तो तक्ताच तुमची हरकत.

जेम या सरकारी ऑनलाइन खरेदीच्या पोर्टलवर हाच खेळ 'खरेदीदाराने जोडलेल्या अतिरिक्त अटी' या नावाने होतो. मूळ वस्तूचं पान प्रमाणित असतं. मेख शेवटच्या पीडीएफमध्ये असते. अनेकजण तो जोडलेला कागद न वाचताच बोली लावतात आणि तांत्रिक छाननीत बाद होतात.

दरपत्रक: न्यूनतम दर नेहमी स्वस्त नसतो

बांधकामात बी-१ नमुन्यात संपूर्ण अंदाजपत्रकावर एकच टक्का कमी-जास्त भरायचा असतो. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर वेगळा. बी-२ मध्ये काय घडतं ते आकड्यांत पाहा. खोदकाम १,००० घनमीटर, काँक्रीट २०० घनमीटर.

पहिला कंत्राटदार खोदकामाला ३०० आणि काँक्रीटला ६,००० रुपये भरतो: ३ लाख अधिक १२ लाख, एकूण १५ लाख. दुसरा खोदकामाला १५० आणि काँक्रीटला ६,६०० भरतो: दीड लाख अधिक १३ लाख २० हजार, एकूण १४ लाख ७० हजार. दुसरा न्यूनतम, काम त्याला.

प्रत्यक्षात खोदकाम ६०० घनमीटरच निघतं आणि काँक्रीट ३०० लागतं. त्याच दरांनी पहिल्याचं बिल १९ लाख ८० हजार झालं असतं. दुसऱ्याचं होतं २० लाख ७० हजार. तीस हजारांनी स्वस्त ठरलेला माणूस नव्वद हजारांनी महाग पडला. त्याला अंदाज होता की परिमाणं चुकीची आहेत? की त्याला कोणी सांगितलं होतं? कागदावर दोन्ही सारखंच दिसतं.

यावर इलाज म्हणून निविदेतल्या परिमाणाच्या १२५ टक्क्यांपर्यंतच निविदेचा दर द्यायचा आणि त्यावरच्या कामाला खात्याच्या छापील दरसूचीच्या आधारे दर ठरवायचा, असं कलम बांधकाम विभागाच्या करारात असतं. ते तुमच्या निविदेत आहे का पाहा. वरच्या उदाहरणात २५० घनमीटरनंतर हे कलम लागलं असतं. आणि निविदाकार म्हणून हाच अभ्यास उलट्या बाजूने करा: नकाशावरून मुख्य पाच बाबींची परिमाणं स्वतः काढा. अंदाजपत्रकाशी मोठी तफावत आली तर ती निविदापूर्व बैठकीत मांडा. दर पाडून काम घ्यायचं आणि 'वाढीव काम' दाखवून भरून काढायचं, या हिशेबावर पुष्कळ धंदा चालतो. आणि वाढीव कामाची मंजुरी अडली की तोच कंत्राटदार काम अर्धवट टाकून जातो.

सेवांच्या निविदांत न्यूनतम दराऐवजी गुणवत्ता आणि दर यांचे एकत्रित गुण लावतात. 'अ'ला तांत्रिक ९० गुण, दर १२० लाख. 'ब'ला ७० गुण, दर १०० लाख. तांत्रिक ७० टक्के आणि दर ३० टक्के असं वजन धरलं तर अ ८८, ब ७९. वजन उलटं केलं, तर अ सुमारे ८५, ब ९१. निकाल उमेदवारांनी नव्हे, वजनाने फिरवला. खर्च विभागाच्या ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी ही पद्धत बांधकामाला आणि सल्लागारीखेरीजच्या सेवांनाही खुली केली, मात्र दराखेरीजच्या गुणांचं वजन ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं ही मर्यादा घालून. वजन किती आहे ते पाहाच, पण त्याआधी 'सादरीकरणाला' किती गुण आहेत ते पाहा. अनुभवाचे, मनुष्यबळाचे गुण कागदावरून मोजता येतात. सादरीकरणाचे गुण समितीच्या मनात असतात.

कराराच्या अटी: पैसे कधी मिळणार

हा भाग लहान पुरवठादार वाचतच नाहीत. 'देयक निधी उपलब्धतेनुसार अदा केलं जाईल, विलंबावर व्याज देय नाही' हे वाक्य शोधा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देयक जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं. उशिरावर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. दाद या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे. मात्र उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून केलेली सरकारी नोंदणी, पुरवठ्याआधीची हवी, आणि शुद्ध बांधकामाच्या कंत्राटांना हा कायदा लागतो का यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. त्यावर विसंबून दर लावू नका. विलंबाचा दंड साधारणपणे आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल दहा टक्के असतो. कमाल मर्यादाच लिहिलेली नसेल तर ती मागून घ्या.

शंका कशी लिहावी

'अटी जाचक आहेत, शिथिल कराव्यात' अशा पत्राला 'निविदेप्रमाणे' एवढंच उत्तर येतं. शंकेत अट क्रमांक, तिचा परिणाम, लागणारा नियम असेल तर तो, आणि सुचवलेली भाषा हवी. असं:

'अट क्र. ४.२ (ब): याच जिल्ह्यातील शासकीय कार्यालयाचा अनुभव दाखला मागितला आहे. कामाचं स्वरूप सर्व जिल्ह्यांत सारखं असल्याने या अटीने स्पर्धा मर्यादित होते. कृपया "कोणत्याही शासकीय, निमशासकीय संस्थेकडील समान कामाचा अनुभव" असा बदल करावा, अथवा जिल्ह्याची अट ठेवण्याचं तांत्रिक कारण इतिवृत्तात नोंदवावं.'

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. बदल झाला नाही तरी कारण लिहावं लागतं, आणि लिहिलेलं कारण पुढे लेखापरीक्षणात आणि न्यायालयात तपासलं जातं. शंका मुदतीत, ईमेलवर आणि आवक-जावक शिक्क्यासह, दोन्ही पद्धतीने द्या. केंद्राच्या खरेदीत जीएफआरच्या नियम १७३ प्रमाणे निविदेच्या अटी, प्रक्रिया आणि आपली निविदा बाद होणं, या तिन्हींवर प्रश्न विचारण्याची सोय निविदेतच असायला हवी.

निविदा भरताना होणाऱ्या चुका

इथे कटकारस्थान कमी आणि गाफीलपणा जास्त. डिजिटल सही तिसऱ्या वर्गाची हवी आणि सहीसोबत कूटबद्ध करण्याचं प्रमाणपत्रही. महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवरून किंवा केंद्रीय पोर्टलवरून उतरवलेल्या दरपत्रकाच्या एक्सेल फाइलचं नाव बदललं तर ती चढत नाही. घड्याळ पोर्टलचं मोजायचं, आपल्या संगणकाचं नाही. कागद चढवून झाले तरी शेवटी निविदा 'फ्रीझ' करून पावती निघाली नाही, तर निविदा भरलीच गेली नाही असं धरा. आणि तांत्रिक लिफाफ्यातल्या एखाद्या कागदावर दर उघड झाला तर निविदा बाद. जुन्या निविदेचं पत्र कॉपी करताना हे हमखास होतं.

तांत्रिक लिफाफा उघडल्यावर

संगनमताच्या खुणा याच टप्प्यावर दिसतात. तिन्ही निविदांत एकच टंकलेखनाची चूक, बयाणा रकमेचे धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) एकाच शाखेतून लागोपाठ क्रमांकांचे, एकाच संगणकजोडणीवरून भरणा, दोघांचे दर अंदाजपत्रकापेक्षा जास्त आणि तिसऱ्याचा जेमतेम कमी. स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ मध्ये हे येतं. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रियेच्या निविदांत संगनमत झाल्याचा निष्कर्ष भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये काढला होता. उलट, एकच निविदा आली म्हणून ती आपोआप बाद होत नाही. जाहिरात नीट झाली असेल, अटी अडवणाऱ्या नसतील आणि दर वाजवी असेल, तर ती स्वीकारता येते. म्हणूनच हरकत 'एकच निविदा आली' यावर नव्हे, 'कोणत्या अटीमुळे एकच आली' यावर घ्यावी.

न्यायालयात जाताना दोन निकाल लक्षात ठेवावेत. रमणा शेट्टी प्रकरणात, १९७९ मध्ये, मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेत नोंदणीकृत हॉटेलचालकाला पाच वर्षांचा अनुभव हवा ही अट होती. काम मिळालं ते ती न पाळणाऱ्याला. सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सरकारने जाहीर केलेली कसोटी सरकारलाही बांधील आहे. पण अर्जदाराच्या पदरात काही पडलं नाही. उशीर झाला होता आणि तोवर दुसऱ्याने पैसा गुंतवला होता. नागपूर मेट्रोच्या २०१६ च्या निकालात न्यायालय म्हणालं की निविदेचा अर्थ ती तयार करणाऱ्यालाच सगळ्यात चांगला कळतो. मनमानी किंवा दुष्ट हेतू दिसल्याशिवाय न्यायालय त्यात पडणार नाही. म्हणजे अटीवरची हरकत निविदा भरण्याच्या मुदतीआधी. भाग घेऊन, हरल्यावर अटीला नावं ठेवली तर ऐकून घेणारं कोणी मिळत नाही.

नागरिकाने काय मागावं

निविदाकार नसलेल्याची वेळ कार्यारंभ आदेशानंतर येते. माहिती अधिकाराचा महाराष्ट्रातला अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, दहा रुपयांचं शुल्क भरून. 'संपूर्ण माहिती द्या' न लिहिता कागदांची नावं लिहा: प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, निविदापूर्व बैठकीचं इतिवृत्त, तांत्रिक छाननीचा अहवाल, तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मुदतवाढीचे आदेश, वाढीव परिमाणांची मंजुरी, झालेल्या कामाची मोजणी नोंदवणाऱ्या मोजमाप पुस्तिकेची पानं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. व्यावसायिक गोपनीयतेचं कारण पुढे केलं गेलं, तर काम दिल्यानंतर कराराची रक्कम आणि अटी सार्वजनिक पैशाशी संबंधित आहेत हे अपिलात मांडा.

एकाच वस्तूची मागणी तुकडे पाडून करू नये, असं जीएफआरचा नियम १५७ सांगतो. ते तपासायला एकाच वर्षाच्या, एकाच लेखाशीर्षाखालच्या, म्हणजे खर्चाच्या एकाच सदराखालच्या, कार्यादेशांची यादी तारीख आणि रकमेसह मागा. त्याच रस्त्याचे 'साखळी क्रमांक ० ते १००', '१०० ते २००' असे (हे रस्त्याच्या लांबीवरचे टप्पे), प्रत्येक ई-निविदेच्या मर्यादेच्या जराशी आत राहणारे आदेश एकाखाली एक दिसले, की मोजमाप पुस्तिका घेऊन जागेवर जा. सोबत पन्नास मीटरचा टेप न्या, आणि पानावर सही करणाऱ्या अभियंत्याची मोजणीची तारीख त्या दिवशीच्या हजेरीपटाशी जुळवून पाहा.